आबांचा तांब्या आणि निळे हातमोजे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. कंपनीतल्या ज्या मैत्रिणीपुढे मी रोज डब्याबरोबर सासरची सगळी गाऱ्हाणी उघडते, तिलाही नाही. आणि खरी अडचण अशी, की ही रडायची गोष्टच नाही. यात जादू आहे, पोरं आहेत, पाणी आहे, दोन म्हातारे आहेत. आठवलं की मला हसू येतं – अगदी गॅसपाशी उभी असले तरी. हसू येतं, आणि मग मी गप्प होते. तुमचं असं कधी झालंय का? आपण केलेली एखादी वाईट गोष्ट पुढे इतक्या छान वळणाला लागावी, की ती वाईट होती हे सांगायची सोयच उरू नये?

थांबा. आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. निदान मला तरी.

मी मूळची लातूरकडची. डिप्लोमा करून चाकणला नोकरीला आले आणि लग्न करून चऱ्होलीची झाले. सासर गावातलं जुनं, पूर्वी चारही बाजूंना शेत होतं, आता चारही बाजूंना बिल्डिंगा आहेत आणि मधे आमचं घर. कंपनीत मी ट्रेनिंगला आहे. नव्या पोरापोरींना लाईनवर सोडण्याआधी आमच्या खोलीत काम शिकवायचं – बोल्ट कुठल्या हातात धरायचा, कुठला आधी आवळायचा, कुठे चुकूनही बोट ठेवायचं नाही. प्रत्येक कामाचे तुकडे पाडायचे, तुकड्यातुकड्याचे फोटो काढायचे, खाली सोपी ओळ लिहायची आणि मशीनवर लावून टाकायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे डोळ्यांना खोड लागली आहे. सासूबाई पुरणपोळी लाटत असल्या तरी मला पायऱ्या दिसतात.

आमच्या धंद्यात मोठं पाप म्हणजे माहिती दाबून ठेवणं. एखादा जुना ऑपरेटर मशीनचं सेटिंग स्वतःच्या डोक्यात ठेवतो, आणि तो गावच्या जत्रेला गेला की लाईन बसते. अशा लोकांशी मी कडाकडा भांडले आहे. भाऊ, डोक्यातलं बोर्डावर लावा, तुमच्यानंतर येणाऱ्याने काय करायचं? असं मी म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. आजही म्हणते. म्हणून तर हे सगळं सांगताना माझी जीभ अडखळते आहे.

जादूचं वेड तिथूनच लागलं. एकदा नांदेडकडून नव्याने आलेली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून रडत होती. घर आठवत होतं, दुसरं काय. माझ्या डब्याला रबर लावलेलं होतं, ते काढून मी तिला लहानपणीची एक गंमत दाखवली – रबर या दोन बोटांतून त्या दोन बोटांत उडी मारतं, तीच. ती डोळे पुसता पुसता म्हणाली, "मॅडम, परत!" परत केली. मग तिला शिकवलीही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बघते तर ती अख्ख्या बसला करून दाखवत होती, आणि ड्रायव्हर आरशातून मान वर करून बघत होता. इतका स्वस्त आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग मी व्हिडिओ करायला लागले. मराठीतून, फुकट, घरातल्या सामानाने होतील अशा जादू. नाणं, दोरी, आगपेटी, वाटी. फ्रेममध्ये फक्त हात, आणि खाली सोप्या ओळी – मशीनवर लावतो तशा. आवाज नाही. हातात कंपनीत तपासणीला मिळतात ते पातळ निळे रबरी हातमोजे, कारण बांगड्या काढल्या तरी मेंदी लपत नाही आणि मला ओळखू यायचं नव्हतं. का? तसं कुणी मारलं नसतं. पण घरात थट्टा झाली असती, आणि मला एखादी गोष्ट फक्त माझी हवी होती. नवऱ्याला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ते अर्धं खरं होतं.

त्या निळ्या हातमोज्यांमुळे बघणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हा कुणीतरी डॉक्टर आहे. आणि हात जादू करतात म्हणजे पुरुषच असणार. माझं नाव पडलं डॉक्टरदादा! "डॉक्टरदादा, माझ्या बहिणीला जमली." "डॉक्टरदादा, आमच्या बाईंनी वर्गात करून दाखवली." कुणाच्या तरी आजोबांनी दवाखान्यातल्या खाटेवरून नाण्याची जादू केली होती आणि नातवाने त्याचा व्हिडिओ पाठवला होता, तो मी कितीदा बघितला असेन. भाकरी थापता थापता मोबाईल वाजायचा आणि मी पिठाच्या हाताने हसत बसायचे. यात कुणाचं काय वाईट होत होतं? खरंच – त्यात काहीच वाईट नव्हतं. त्या जादू सगळ्यांच्याच होत्या. मला त्या कुणी विश्वासाने दिलेल्या नव्हत्या.

आता आबा.

आबा म्हणजे माझे सासरे. पिंपरीतल्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, उंच, सडपातळ, गावात ज्ञानबा जादूवाले म्हणून प्रसिद्ध. वाढदिवस, सोसायटीचे गणपती, बारसं – कुठेही बोलवा. घेणार काय, तर नारळ आणि टाळ्या. नारळ विसरलात तर चालेल. त्यांच्याकडे जादू तशा बऱ्याच, पण लोक यायचे ते तांब्यासाठी. पितळेचा साधा दिसणारा तांब्या. आबा तो पालथा करून सगळं पाणी ओतून टाकायचे. रिकामा. मग दुसरी जादू, गप्पा, विनोद. मधेच तांब्याकडे बघून म्हणायचे, "तहान लागली का रं?" आणि पुन्हा ओतायचे. पुन्हा पाणी! असं कार्यक्रमभर. शेवटी शेवटी तर पोरं जादू बघायचीच नाहीत, तांब्याकडेच टक लावून बसायची. आणि आबा मुद्दाम विसरल्यासारखं करायचे. पोरं किंचाळायची – आबा, तांब्या! आबा, तांब्या!

तांब्या कसा चालतो ते मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून झालंय. तेवढं पुरे.

तो तांब्या बनवला होता गुलाबकाकांनी. आबांचे कंपनीतले जोडीदार, टर्नर. एकाच शिफ्टला लागले, एकाच वर्षी रिटायर झाले. गुलाबकाका निगडीला प्राधिकरणात राहतात. दर रविवारी बसने यायचे, ओट्यावर बसायचे आणि आबांना वाचून दाखवायचे. आबांचा चष्मा कायम हरवलेला असतो. मला वाटतं तो त्यांना सापडायला नकोच असतो. पेपर, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, भज्यांचा कागदसुद्धा – गुलाबकाका खणखणीत आवाजात वाचणार आणि आबा मधे मधे "खोटं हाय" म्हणणार. आमच्या घरचा रविवार या दोघांच्या आवाजाने उजाडायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. गावातलं जुनं घर, त्यामुळे कोयता, खुरपं, पहार तर आहेतच, पण आबांचा व्हर्निअर, नवऱ्याची गाडीची किल्ली, सासूबाईंचं लाटणं – ज्याच्या त्याच्या कामाचं सगळं पाटावर मांडतात. एका वर्षी आबांनी मला विचारलं, "मनिशा, तुजं हत्यार कुठं हाय?" मी म्हटलं, माझं कसलं हत्यार, मी फोटो काढते. तर म्हणाले, "मंग मोबाईल आन की!" आणि माझ्या मोबाईलला त्यांनी हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मला इतकं भरून आलं की मी उगाच पदर सारखा करत राहिले. सासरी आल्यापासून माझ्या नोकरीला कुणी असा नमस्कार केला नव्हता.

त्याच दिवशी, पूजेच्या आधी, मी तांब्या चिंचेने घासत होते. आबा शेजारी येऊन उकिडवे बसले. म्हणाले, आतनंबी घासायला पायजे, आन ते कसं ते सांगतो. मग त्यांनी मला सगळं दाखवलं. आत काय आहे, कुठे आहे, हाताने काय करायचं, कधी करायचं. शेवटी म्हणाले, "कुनाला सांगू नगं हां. तुज्या नवऱ्याला बी न्हाई. त्येच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." आम्ही दोघं खूप हसलो. मी मान हलवली. मी काही शपथबिपथ घेतली नाही, फक्त मान हलवली – पण मान हलवणं म्हणजे काय असतं ते मला कळत नव्हतं का?

उन्हाळा आला. पोरांना सुट्ट्या लागल्या आणि माझ्याकडच्या जादू संपल्या. रोज विचारणा – डॉक्टरदादा, नवीन? डॉक्टरदादा, कुठे गेलात? मी चार दिवस तांब्याकडे बघायचं टाळलं. मग मनातल्या मनात खटला चालवला, आणि वकील दोन्ही बाजूंची मीच. असे तांबे काय जगात आबांकडेच आहेत? कुठेतरी, कुणीतरी, कधीतरी हे दाखवलेलं असणारच. शिवाय आबांच्या नंतर काय? हे डोक्यातलं बोर्डावर नको का लागायला? इतक्या पोरांचा आनंद मोठा, की एका म्हाताऱ्याचं गुपित मोठं? बघा किती छान प्रश्न आहेत. मी आजही त्यांची उत्तरं देऊ शकत नाही. पण एक साधी गोष्ट मी त्या खटल्यात कुणाला बोलूच दिली नाही – की आबांना विचारता आलं असतं. ते ओट्यावरच होते. मधे फक्त स्वयंपाकघराचं दार होतं.

मी विचारलं नाही, कारण ते नको म्हणाले असते.

एक रिकामी बाटली घेतली, स्वयंपाकघरातलं आणखी थोडं सामान घेतलं आणि तोच तांब्या गरिबाघरच्या पोरालाही करता येईल असा बनवला. निळे हातमोजे घातले. कुंकवाचा पुसट डाग अजून मोबाईलच्या कव्हरवर होता. पायऱ्या पाडल्या, ओळी लिहिल्या, व्हिडिओ टाकला. आणि खरं सांगते – तो मी केलेला सगळ्यात चांगला व्हिडिओ होता. लोक तुटून पडले. कुठल्या कुठल्या अंगणांत पोरं बाटल्यांतून पाणी ओतताहेत असे व्हिडिओ यायला लागले. मी हवेत होते. वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा अजिबात वाटलं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या कंपनीत मशीन बंद असतात. पुसूनबिसून चकचकीत केलेली, झेंडूचे हार घातलेली, आणि वर्षातून त्या एकाच दिवशी घरची माणसं आत येतात. बायको बघते नवरा कुठे उभा राहतो, पोरं बघतात आई काय चालवते. पूजेनंतर करमणुकीचा कार्यक्रम. त्या वर्षी आबांना बोलवायचं मीच ठरवलं होतं, व्हिडिओच्याही कितीतरी आधी. आबा काळा कोट घालून आले. पहिल्या दोन जादू मस्त झाल्या. मग त्यांनी तांब्या पालथा केला, बाजूला ठेवला, गप्पा मारल्या, आणि म्हणाले, "तहान लागली का रं?"

आणि पोरं ओरडली. आबा, तांब्या – असं नाही. एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसं, त्यांनी तांब्यात काय आहे ते ओरडून सांगितलं. माझ्या ओळी होत्या त्या. माझीच शब्दरचना. पोरं वाईट नव्हती हो, त्यांना वाटलं आजोबांना किती आनंद होईल, आपल्याला सगळं येतं! आबा तांब्या हातात घेऊन उभे राहिले. मग हसले, हात जोडले, "लई हुशार पोरं हायेत" म्हणाले आणि तांब्या पिशवीत ठेवला. पुढच्या जादू त्यांनी केल्या की नाही मला आठवत नाही. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मोठमोठ्याने.

घरी आल्यावर नवऱ्याने तो व्हिडिओ शोधून टीव्हीवर लावला. सगळं घर बसलं बघायला. केवढाल्या त्या पडद्यावर माझे निळे हात. मी सोफ्याच्या कडेला बसून स्वतःचे खरे हात पदराखाली धरून होते. आबांनी सगळा व्हिडिओ मान पुढे काढून बघितला आणि म्हणाले, "पोरगं शिकवतंय मात्र झ्याक." आणि त्या क्षणी – हे लिहितानाही कान गरम होतात – मला आनंद झाला. इतकी माणसं वाहवा करत होती, पण आबांनी केलेली वाहवा वेगळीच लागली.

मग ते म्हणाले, "पन त्येला सांगितलं कुनी? ह्या तांब्याचं फकस्त दोगांना ठावं. मी आन गुलब्या."

दोघांना. त्यांनी मला मोजलंच नाही. विसरले होते म्हणून नव्हे. घरातल्या माणसाला कुणी मोजतं का? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, पानं घेते, आणि मी उठले. ताटं मांडली. त्या ताटांमागे मी पुढे कितीतरी महिने लपले.

आबांनी गुलाबकाकांना फोन लावला. आबांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं. आबा म्हणाले, गुलब्या, कुनाला सांगितलंस? गुलाबकाका म्हणाले, मी? अरे तूच कुणाला तरी शिकवलं असशील, तुलाच मिरवायची हौस! दोन म्हातारे लहान पोरांसारखे भांडले, आणि फोन कट झाला. पुढच्या रविवारी निगडीची बस आली आणि गेली. आबांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला. कुणी वाचून दाखवू का म्हटलं तर, "त्यात काय नसतंय," म्हणाले.

लग्नसराईत गुलाबकाकांच्या नातीचं लग्न होतं. ती लहान असल्यापासून ठरलेलं होतं की तिच्या हळदीला आबा तांब्या करणार. आबा गेले नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले. मी आणि नवरा गेलो, आहेर दिला. हळद लावलेल्या त्या पोरीने मला विचारलं, "तांब्यावाले आबा कुठेत?" गुलाबकाका शेजारीच उभे होते, पण त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि दाराकडे बघितलं. मी म्हटलं, तब्येत बरी नाही. तिथे, त्या मांडवात, एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. मी ते वाक्य बोलले नाही. जिलेबी चांगली होती, दोनदा घेतली, हेही आठवतं. त्या पोरीच्या लग्नाच्या फोटोंत आबा नाहीत, आणि आता ते कधीच असणार नाहीत.

आता तुम्हाला वाटेल पुढे काहीतरी भयंकर झालं. नाही झालं! मी म्हटलं ना, हीच अडचण आहे.

पुन्हा उन्हाळा आला. शेजारच्या सोसायटीतली पोरं आमच्या ओट्यासमोर बाटल्या घेऊन जमायला लागली. डॉक्टरदादाचाच व्हिडिओ बघून बनवलेल्या. कुणाची गळते, कुणाचं पाणी एकदाच येतं. आबा तोंड फिरवून बसायचे. एक दिवस एक चुणचुणीत पोरगी सरळ ओट्यावर चढली आणि म्हणाली, "आबा, आमचं पाणी फसतं. तुम्ही करा ना." आबा म्हणाले, मी सोडलंय ते. ती तिथेच उभी राहून चुकीचं करत राहिली. आबांना ते बघवेना. "आगं, आसं न्हाई... आन हिकडं!" झालं. अर्ध्या तासात ओटा ओला, पोरं ओली, आबांचं धोतर ओलं. माझ्या चॅनेलवर निरोप आला – "डॉक्टरदादा, आमचे आबा म्हणतात तुमचा डावा हात चुगली करतो. तो ढिला सोडा." मी खोलीत जाऊन आरशासमोर डावा हात ढिला सोडून बघितला. आबांचं बरोबर होतं.

मग पोरांना बाटल्या पुरेनात. खरे तांबे पाहिजेत म्हणाली. खरे तांबे कोण बनवणार? आबा दोन दिवस येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, "गुलब्याला फोन लाव. काम हाय म्हन, दुसरं काय बोलू नगं." गुलाबकाका त्याच संध्याकाळी आले, खांद्यावर हत्यारांची पिशवी. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. सरळ तांब्याच्या काठाबद्दल भांडायला लागले. मी चहा ठेवला, आणि आधण येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदाने, बरं का. त्यात लाज किती आणि आनंद किती ते मला वेगळं करता आलं नाही.

त्या वर्षीची खंडेनवमी तुम्ही बघायला हवी होती! कंपनीत झेंडूच्या हारांमध्ये आबा, गुलाबकाका आणि ती सगळी पोरं एका रांगेत, प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा तांब्या. आबांनी समोरच्यांना विचारलं, यात काय हाय? सगळी कंपनी ओरडली. "बरोबर! आन तरी बगा," म्हणाले आणि तांबे पालथे झाले. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि शेवटी आबांच्या एकट्याच्या तांब्यातून इतकं पाणी आलं की गुपित ठाऊक असलेली पोरंही तोंड वासून बघत राहिली. त्यांनी त्यात नवीन काय घातलंय ते मला ठाऊक नाही. या वेळी तांब्या घासायला माझ्याकडे आला नव्हता. सेफ्टीवाले साहेब घसरण्याची पिवळी पाटी घेऊन धावत आले आणि त्याच पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

मग आबा माईकवर म्हणाले, "ज्या कुनी ही जादू फोडली त्येचं भलं व्हवो. त्येच्यामुळं एवढी पोरं मिळाली." असं म्हणून त्यांनी गुलाबकाकांकडे बघितलं – मोठ्या मनाने, डोळे मिटून मान हलवत. आणि गुलाबकाकांनी आबांकडे बघून अगदी तशीच मान हलवली.

कारण काय? तर आबांना अजून वाटतं गुलाबकाकांनी फोडलं, आणि गुलाबकाकांना वाटतं आबांनी. दोघांनी मला वेगवेगळं, खासगीत सांगितलंय. आबा म्हणाले, "केलं आसंल त्येनं. मी सोडून दिलं. त्येला सांगू नगं." गुलाबकाका चहाचा कप ठेवायला आत आले तेव्हा दबक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, ज्ञानबाचाच उद्योग होता तो. मी काय मनात ठेवलं नाही. पण बोलू नकोस हं." माझ्याकडे गुपित ठेवायची या घराला सवयच आहे. दोघांनी एकमेकांना माफ केलंय, न केलेल्या गोष्टीबद्दल. आणि दोघंही आपापल्या मोठेपणावर इतके खूश आहेत की ओट्यावर बसल्या बसल्या मधेच एकमेकांची पाठ थोपटतात. मी आतून बघते. आधी हसू येतं. मग मला ती हळद लावलेली पोरगी आठवते.

पोरं मिळाली हे खरं. ती मी मिळवून दिली नाहीत, ती त्या ओल्या ओट्याने मिळवली. मी काय केलं ते एवढंच – मला विश्वासाने दिलेली गोष्ट न विचारता वाटून टाकली, आणि दोन निरपराध माणसांना एकमेकांच्या नजरेत चोर होऊ दिलं. रोज त्यांच्या समोर असून.

रविवार येईल. हे छापून आलेला दिवाळी अंक घरी येणारच आहे आणि गुलाबकाका तो पहिल्या पानापासून वाचून दाखवणार आहेत. आबांचा चष्मा हरवलेला असेल. मी चहा घेऊन दारात उभी असेन, आत पळून जाणार नाही.

तर गुलाबकाका, इथे जरा थांबा. कप खाली ठेवा. आबा ऐकताहेत ना ते बघा, कारण इथे ते "खोटं हाय" म्हणणार आहेत. आणि पुढचं तुमच्या खणखणीत आवाजात वाचा.

आबा, गुलाबकाकांनी कुणाला सांगितलं नाही. काका, आबांनीही नाही. आबा, तुम्ही हळदकुंकू लावलेल्या मोबाईलपुढे ते निळे हातमोजे घालून मी बसले होते.